उजवा पाय कार्यक्षेत्राबाहेर

ॲनाबॅप्टिस्ट आरोग्यसेवक व संस्था यांचं आंतरराष्ट्रीय जाळं आंबिवली येथे यशस्वीरीत्या उभं राहिलं आणि त्यात माझ्या आजोबांच्या उजव्या पायाचा अंगठा गेला. ही घटना इतिवृत्तात नोंदलेली नाही. इतिवृत्त मीच लिहितो, त्यामुळे मला हे खात्रीने सांगता येतं. जे इतिवृत्तात नाही ते घडलेलं नाही, असं आमच्या नियमावलीच्या चौथ्या कलमात आहे. तेव्हा अंगठा जागेवर आहे असं धरून आपण पहिल्यापासून सुरुवात करू.

आंबिवली पूर्वेला दौलतशेठच्या इमारतीत, एका बाजूला मोबाइल दुरुस्ती आणि दुसऱ्या बाजूला चायनीज, अशा दोन गाळ्यांच्या मध्ये सुमती सिस्टरांचा दवाखाना आहे. दवाखाना म्हणजे जखमा बांधायची एक खोली. डॉक्टर आठवड्यातून एकदा कल्याणहून येतात आणि गोळ्या लिहून जातात. बाकी सगळं सिस्टर. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी नऊ ते बारा त्या शुगरवाल्यांचे पाय बघायच्या. पेशंट एकतीस, पाय सत्तावन्न. हे गणित ज्याला लगेच सुटलं त्याला या खोलीचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

सिस्टर मूळच्या नगरकडच्या. नर्सिंग शिकल्या छत्तीसगडच्या एका मिशन हॉस्पिटलात आणि तिथेच ॲनाबॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या झाल्या, म्हणजे मोठेपणी, स्वतःच्या अकलेने, नदीत कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून. या पंथाचं म्हणणं असं, की तान्ह्या बाळाला नकळत दिलेला बाप्तिस्मा धरायचा नाही. माणसाने मोठं व्हावं, समजून घ्यावं, मग आपल्या तोंडाने हो म्हणावं. शिवाय भांडायचं नाही, मिरवायचं नाही, मोठेपणा घ्यायचा नाही, आणि अधूनमधून एकमेकांचे पाय धुवायचे. आंबिवलीत या पंथाची लोकसंख्या एक आहे.

माझे आजोबा राघो, वय अठ्ठ्याहत्तर, तरुणपणी कळव्याकडच्या मिठागरात होते. ज्या पायांना खाऱ्या पाण्याने काही केलं नाही त्यांना घरच्या चपलेच्या अंगठ्याने जखम केली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलेलं, की आठवड्यातून दोनदा पट्टी बदलली तर बोट राहील. एकदा चुकली तर बघू. लागोपाठ चुकत गेली तर मग बघायला काही उरणार नाही.

अडचण एवढीच होती, की पेशंटचा पाय खाली पाटावर असतो आणि सिस्टरांचे गुडघे आता खाली बसायला तयार नव्हते. म्हणून त्यांनी एक पत्र सांगितलं आणि मी ते इंग्रजीत टाइप केलं. चारच ओळी. गुडघे गेले. पेशंट एकतीस. खाली बसून ड्रेसिंग करू शकेल अशी एक नर्स तीन महिन्यांसाठी मिळेल का? नाही मिळाली तर दिवाळीनंतर खोली बंद करावी लागेल. या पंथाच्या हॉस्पिटलांचे जगभरच्या अकरा देशांतले चाळीस पत्ते मी नेटवरून शोधले आणि सगळ्यांना एकाच मेलमध्ये, सगळ्यांना सगळे दिसतील असं, पाठवून दिलं. मी तेव्हा नोकरी शोधत होतो. माझ्या कामातली सफाई पाहता ती का मिळत नव्हती हे लक्षात येईल.

चाळीसही जणांनी सगळ्यांना उत्तर पाठवलं. आठवड्यात दोनशे सहा मेल आल्या. त्यांपैकी एकीतही नर्स नव्हती. पण कॅनडाहून ब्रदर कॉर्नेलियस यांनी लिहिलं, की या भगिनीच्या पत्राने आम्ही हेलावलो. आपण चाळीस संस्था इतकी वर्षं एकमेकींना ओळखतही नव्हतो. आज जाळं असतं, तर तिच्यावर अशी वेळ आली नसती.

“मग नर्स कधी येतेय?” सिस्टरांनी विचारलं.

मी म्हटलं, आधी जाळं येतंय.

पहिला प्रश्न बैठकीच्या वेळेचा होता. सामान्य लोक अशा ठिकाणी आपल्या सोयीची वेळ मागतात आणि भांडून मध्यम मार्ग काढतात. या लोकांना भांडण वर्ज्य. प्रत्येक देशाने दुसऱ्याच्या सोयीसाठी स्वतःची झोप देऊ केली आणि कुणीच कुणाची झोप घ्यायला तयार होईना. अखेर सगळ्यांची सारखीच गैरसोय होईल अशी वेळ एकमताने निघाली. त्या वेळी कॅनडात अंथरूण घालतात, पराग्वेत मध्यरात्र उलटलेली असते, इथिओपियात न्याहारी चालू असते आणि इंडोनेशियात ओपीडी तुंबलेली असते. आपल्याकडे ती वेळ सकाळी साडेनऊची. वार मंगळवार आणि शुक्रवार.

सिस्टर म्हणाल्या, त्या वेळी ड्रेसिंग असतं. मी ते कळवलं. अकरा देशांनी मनापासून क्षमा मागितली आणि म्हणाले, भगिनीचीही गैरसोय होते आहे म्हणजे वेळ अगदी न्याय्य निघाली.

दुसरा प्रश्न अध्यक्षाचा. कॅनडाने इंडोनेशियाचं नाव सुचवलं. इंडोनेशियाने हात जोडून काँगोचं. काँगोचे डॉक्टर म्हणाले, आम्ही धूळ आहोत. पराग्वेच्या बाई म्हणाल्या, तुम्ही निदान धूळ तरी आहात. सात बैठका अशा गेल्या. तोपर्यंत मी लॅपटॉप कॅरमच्या स्टुलावर ठेवून सिस्टरांना एका हाताने पट्टी सोडताना आणि दुसऱ्या हाताने म्यूट काढताना पाहत होतो. आठव्या बैठकीला गल्लीतल्या ठमाबाईंची टाच फारच चिघळलेली, म्हणून सिस्टर कॅमेरा बंद करून उठल्या आणि वीस मिनिटं टाचेपाशी बसल्या, म्हणजे बसायचा प्रयत्न करत राहिल्या. परत येईपर्यंत त्या अध्यक्ष झाल्या होत्या. संपूर्ण सभेत नको म्हणायला हजर नसलेली व्यक्ती तेवढी एकच होती.

“मला नको हे,” सिस्टर म्हणाल्या. “सांग त्यांना.”

“सांगितलं.”

“काय म्हणाले?”

“म्हणाले, म्हणूनच.”

अध्यक्ष आंबिवलीच्या म्हटल्यावर मुख्य कार्यालय आंबिवलीला आलं आणि कार्यालय म्हटल्यावर स्थानिक समिती आली. स्थानिक समितीत पंथाचे लोक हवेत. ते इथे एकच असल्याने बाकीच्या जागा उपलब्ध मनुष्यबळातून भरण्यात आल्या. मी समन्वयक झालो. स्वागताध्यक्षपदी दौलतशेठ यांची निवड झाली, म्हणजे त्यांनी ती मला फोनवर कळवली. दौलतशेठ मनाने चांगले. त्यांच्या आई हौसाबाईंचा पाय सिस्टरांनी चार वर्षं सांभाळला, म्हणून गाळा त्यांनी असाच दिलाय. पण गेली दहा वर्षं ते भावी नगरसेवक आहेत आणि ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द त्यांच्या बॅनरवर अजून आला नव्हता.

“पितम,” ते मला म्हणाले. माझं नाव प्रितम आहे, पण त्यांना घाई असते. “ही जी काय तुमची ॲना मंडळी आहे, त्यांची मतं किती?”

“इकडे एक, काका.”

“आणि तिकडे?”

“काही लाख असतील.”

“यादीत नाव टाकता येतं का बघ.”

दौलतशेठची मुलगी कल्पिता घोडबंदर रोडला एका कंपनीत लोकांच्या कार्यक्रमांना चेहरा देण्याचं काम करते. तिने आमच्या कार्यक्रमाला चेहरा दिला. पेशंटला ‘प्रवासी’ म्हणायचं ठरलं, जखमेला ‘संधी’, आणि खोलीला ‘आंबिवली केंद्र’. कल्पिता हुशार आहे. तिने पंथाची सगळी माहिती एका दुपारी वाचून काढली. समजून घेऊन केलेलंच धरायचं, नकळत झालेलं पुन्हा करायचं, हे तत्त्व तिला इतकं आवडलं, की तिने ते कागदपत्रांना लावलं.

“आजोबांनी केस पेपर काढला तेव्हा त्यांना नेटवर्क माहीत होतं का?” तिने मला विचारलं.

“तेव्हा नेटवर्कच नव्हतं.”

“म्हणजे ती नोंदणी नकळत झाली. असे सगळेच केस पेपर बाद, रे. सगळ्यांना परत नोंदवायचं. पूर्ण समजून.”

बँका आणि गॅसवाले आपल्याकडे हे तत्त्व कुठलाही पंथ न स्वीकारता कधीपासून पाळत आले आहेत, त्यामुळे पेशंटना त्यात नवल वाटलं नाही. आधार कार्ड आणि दोन फोटो घेऊन सगळे निमूट रांगेत बसले. फॉर्म चौदा पानांचा होता. तो भरून घेण्याऐवजी भरणाऱ्याला तो समजला आहे की नाही याची मुलाखत होती, आणि मुलाखत घेणारा मी. माझ्या आजोबांना मी विचारलं, “सदर संधी आपण स्वेच्छेने आणि पूर्ण जाणिवेने सेवेत दाखल करीत आहात काय?”

आजोबांनी पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “मना समजला असता तं जखम झालीच नसती, पोरा.”

हे उत्तर जाणिवेचं नाही असा कल्पिताचा शेरा पडला. फॉर्म परत आला. दुसऱ्यांदा आजोबांनी प्रत्येक रकान्याला ‘हो’ म्हटलं; त्यात विचार दिसत नाही म्हणून परत. तिसऱ्यांदा मीच लिहिलं आणि आजोबांनी अंगठा लावला. तेव्हा कुठे ते प्रवासी झाले. या सगळ्यात एक शुक्रवार गेला. त्या दिवशी एकतीस जणांची नोंदणी झाली आणि ड्रेसिंग एकाचंही झालं नाही. संध्याकाळी सिस्टर आपण होऊन आमच्या घरी यायला निघालेल्या, पण आमचं घर दुसऱ्या मजल्यावर आणि जिन्याला त्यांचे गुडघे माहीत नव्हते. मी त्यांना म्हटलं, राहू द्या, मंगळवारी बघू.

मंगळवारी जाळ्याची पहिली जागतिक परिषद कशी भरवायची याची बैठक होती. ती बारापर्यंत चालली.

परिषद त्या शुक्रवारी, ठाण्यातल्या एका वातानुकूलित हॉलमध्ये. त्याआधी सकाळी सात देशांचे प्रतिनिधी केंद्राला भेट देणार होते. रस्त्यावर दौलतशेठचा बॅनर लागला. पाहुण्यांनी आमची नावं किंवा फोटो कुठेही नकोत असं आधीच कळवलेलं, कारण मिरवणं वर्ज्य. दौलतशेठनी त्यांच्या भावनेचा पूर्ण आदर राखला. बॅनरवर एकाही पाहुण्याचा फोटो नव्हता. चौतीस फोटो होते, सगळे स्थानिक.

पाहुणे खरंच साधे होते. त्यांनी शाली घेतल्या नाहीत आणि नारळ परत दिले. खुर्च्यांवर बसेनात म्हणून दौलतशेठनाही दीड तास उभं राहावं लागलं. पाहुण्यांची एकच इच्छा होती: परंपरेप्रमाणे पेशंटचे पाय धुवायचे. घमेली, तांबे, पांढरे पंचे, सगळं त्यांनी स्वतः मांडलं.

सिस्टर पुढे झाल्या आणि म्हणाल्या, जखमेला पाणी लावता येणार नाही.

शांतता पसरली. हे लोक शांततेत विचार करतात. ते दृश्य पाहण्यासारखं असतं. पाच मिनिटांनी एकमत झालं, की जो पाय चांगला आहे तो धुवावा.

तर असं झालं. माझे आजोबा मधल्या खुर्चीत बसले. त्यांचा डावा पाय, ज्याला आयुष्यात काही झालेलं नाही, चार खंडांतल्या चार डॉक्टरांनी आळीपाळीने धुतला. त्यांतले एक शुगरच्या जखमांचे जगन्मान्य तज्ज्ञ होते. त्यांनी टाच धुतली, बोटांच्या बेचक्या पुसल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. उजवा पाय शेजारी पाटावर होता, दहा दिवसांपूर्वीच्या पट्टीत, आणि शिंतोडे उडू नयेत म्हणून वरून साडीच्या दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी. कार्यक्रमपत्रिकेत त्याचा उल्लेख नव्हता.

इथिओपियाहून आलेली अल्माझ नावाची नर्स मागे उभी होती. सव्वीस वर्षं वॉर्डात काढलेली बाई. तिने पिशवीकडे पाहिलं, मग वास घेतला, आणि कुणाला न विचारता खाली मांडी घालून बसली. इतक्या सहज बसली, की सिस्टर तिच्या गुडघ्यांकडे बघतच राहिल्या. अल्माझने मला इंग्रजीत सांगितलं, की पत्र वाचलं तेव्हाच मी तीन महिन्यांची रजा टाकली होती. मी यासाठीच आले.

मग ते तीन महिने कुठे गेले, असं मी विचारलं. ती म्हणाली, मला नियमावलीच्या उपसमितीत घेतलंय. आणि तिचा व्हिसा परिषदेचा होता. त्यावर बोलता येतं, पट्टी बांधता येत नाही. हे तिला कुणीतरी सांगणं भाग होतं आणि समन्वयक मी होतो. पिशवीची गाठ तिने सोडलीच होती. मी घड्याळ बघितलं.

“मॅडम, बस लागलीये. शीळफाट्याला अडकलो तर हॉल हातचा जाईल.”

तिने गाठ परत मारली. नीट मारली, नर्स मारते तशी. आजोबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

शीळफाट्याला आम्ही अडकलोच. तिथे परिषदेची वेळ, प्रांत, धर्म असं काही बघत नाहीत. पाऊण तास एका सिमेंटच्या ट्रकमागे उभं राहिल्यावर सिस्टर मला म्हणाल्या, “मी उतरून रिक्षाने परत जाऊ का रे? अजून बारा नाही वाजले.” मी म्हटलं, सिस्टर, तुमचं बीजभाषण आहे. विषय होता ‘ड्रेसिंग चुकल्यास काय होते’. माझ्या आजोबांच्या अंगठ्याचे सहा फोटो होते त्यात. जुने, त्यातल्या त्यात बरे. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि सिस्टर व्यासपीठावरून मला खुणेने विचारत होत्या, किती वाजले.

रविवारी आजोबांना ताप भरला. सोमवारी मी त्यांना ठाण्याच्या मोठ्या रुग्णालयात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरने पट्टी काढली. मग विचारलं, ड्रेसिंग कोण करत होतं.

मी म्हटलं, अकरा देश.

बुधवारी अंगठा काढला. शुद्धीवर आल्यावर आजोबांनी पाय वर करून मोजणी केली. “नऊ हाईत अजून,” ते म्हणाले. “त्यांना सांग, घाई करू नका, एकेक करून या.”

सिस्टर भेटायला आल्या. रुग्णालयाला लिफ्ट होती, एवढं बरं. त्या आजोबांच्या पायाशी बसल्या, चादर नीट केली. तिथेच माझ्या वहीतलं पान फाडून त्यांनी राजीनामा लिहिला. एकच ओळ: मला नर्सच राहू द्या. पुढच्या बैठकीत मी तो वाचून दाखवला. ब्रदर कॉर्नेलियस यांनी चष्मा काढून पुसला. अधिकाराचा इतका निर्मळ त्याग आपण पाहिला नव्हता असं सर्वांचं मत पडलं, आणि अशी व्यक्ती अध्यक्ष लाभणं हे भाग्य समजून सिस्टरांचा कार्यकाळ पाच वर्षांनी वाढवण्यात आला. त्यानंतर त्यांनी आणखी दोनदा राजीनामा दिला. आता त्या तहहयात आहेत.

नर्स मिळाली नाही असं मात्र म्हणता येणार नाही. कळव्याची रसिका नावाची मुलगी बॅनर वाचून आपण होऊन आली. नुकतीच पास झालेली, गुडघे शाबूत, मंगळवार-शुक्रवार यायला तयार. सिस्टरांनी तिला पाट दाखवला, कात्री दाखवली. मी तिला एवढ्यासाठी बैठकीत बसवलं, की सगळ्यांना एकदा आनंद व्हावा. तो झाला. अध्यक्षपदासाठी लागल्या तेवढ्या बैठका तिच्यासाठी लागल्या नाहीत. चाळीस मिनिटांत ती सहअध्यक्ष, युवा विभाग, झाली. नाही म्हणायचं असतं हे तिला ठाऊक नव्हतं. सध्या ती ‘ग्रामीण भागात परिचारिकांचा तुटवडा’ या अहवालावर काम करते आहे. अहवाल उत्तम होतो आहे.

जाळं आता सतरा देशांत पसरलं आहे. वार्षिक आकडेवारीत आजोबांची नोंद ‘लाभार्थी पाय: दोन’ अशी आहे. मी ती दुरुस्त करायला घेतली, तर कल्पिता म्हणाली, पाय दोनच आहेत की. बोटांचा रकाना नाही. आजोबा घरी असतात. मी यूट्यूब बघून पट्टी बदलतो. काल शेजारच्या बोटाच्या टोकाला काळसर दिसलं. सिस्टरांना फोन केला. त्या पराग्वेशी बोलत होत्या. त्यांनी म्यूट करून मला सांगितलं, दाबून बघ, गरम लागतं का. मी म्हटलं, लागतं. मग पराग्वेने त्यांना हाक मारली.

सबब, खालील अर्ज सादर आहे.

प्रति, माननीय वाचक.
विषय: मंगळवार व शुक्रवार, सकाळी नऊ ते बारा.

महोदय/महोदया, उपरोक्त विषयी नम्र निवेदन की, मजकूर वाचून आपण हळहळलात याची या कार्यालयाने नोंद घेतली आहे. आपल्या भागातही असं काहीतरी जाळं व्हावं असं आपल्या मनात आल्याचंही समजतं. पट्टी सोडताना पेशंटचा पाय धरून ठेवायला एक माणूस लागतो. शिक्षणाची, धर्माची, अनुभवाची अट नाही. खाली बसता आलं पाहिजे. पद नाही, ग्रुप नाही, फोटो निघणार नाही. तरी, सदर अर्ज कोणासही न पाठवता, त्यावर चर्चा न करता, समिती न नेमता, आपण स्वतः येत्या मंगळवारी आंबिवली पूर्वेला येऊन पाय धरावा, ही विनंती.